स्थूलतेवरचें एक पत्र

लंडन शहरांत सेंट जेम्स स्ट्रीट नांवाचा एक जुना रस्ता आहे. त्याच्या टोकाला सेंट जेम्सचा राजवाडा आहे. ह्या रस्त्यावरील तीन नंबरच्या घरांत १६९८ सालीं एका विधवा बाईनें दुकान घातलें. पूर्वी तेथें चहा-कॉफी आणि किराणा माल विकत. आज तेथें मद्याची पेढी आहे. मालाच्या वजनासाठीं ठेवलेल्या तेथील मोठ्या कांट्यावर गिऱ्हाइकांनीं स्वतःला तोलून घ्यावें, आणि तो आंकडा दुकानाच्या वहींत टिपून ठेवावा, अशी चाल १७६५ पासून पडली. त्या वह्या अद्याप जतन केलेल्या आहेत. आपलें वजन किती हें जाणण्याचें कुतूहल माणसाला फार जुनें आहे, हें त्या वह्यांवरून दिसतें. वजन उतरविणें आणि उतरलेलें टिकविणें ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, हेंहि त्यांवरून दिसतें.

कवि बायरन ह्याचें नांव त्या वह्यांत आहे. १८०६ सालीं, अवघ्या अठराव्या वर्षीं, तो १३ स्टोन १२ पौंड, म्हणजे १९४ पौंड भरला. १८११ मध्यें तो नऊ स्टोनच्याहि खालीं आला. एक स्टोन म्हणजे चौदा पौंड, हें ध्यानीं घेतलें म्हणजे ही उतार केवढी मोठी होती तें समजेल. देखणेपणाची हौस त्याला विलक्षण होती. त्या हौसेपायीं तो सोडावॉटर आणि बिस्किटें ह्यांवर दिवस काढी, व्हिनेगरमध्यें बुडविलेले बटाटे खाई, आणि घाम यावा म्हणून अंगावर लोकरीच्या कपड्यांचे थर चढवी. पण असे उपास काढून झाले, कीं एखाद्या रात्रीं तो भरपेट जेवे, आणि पुन्हां सारें पूर्वपदावर येई. १८२४ मध्यें, छत्तीस वर्षांचा असतांना, तो ग्रीसमध्यें वारला. तोंपर्यंत त्याच्या शरीराचा हा झोका चालूच होता. त्याची इच्छा दुर्बळ होती असें कोणालाहि म्हणतां येणार नाहीं. जन्मभर आचरितां येईल अशी रीत मात्र त्याच्यापाशीं नव्हती.

ह्याच रस्त्यावर, सत्तावीस नंबरच्या घरांत, बँटिंग घराण्याची पेढी होती. अंत्यविधीची व्यवस्था पाहणें हा तिचा व्यवसाय, आणि गिऱ्हाईक राजघराण्याचें. १८२० मध्यें तिसरा जॉर्ज, १८३० मध्यें चौथा जॉर्ज, १८५२ मध्यें ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि १८६१ मध्यें राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स आल्बर्ट, इतक्यांच्या अंत्ययात्रांची सिद्धता ह्या पेढीनें केली. विल्यम बँटिंग हे तिचे मालक. धंद्यांतून निवृत्त झालेले हे सुखवस्तु गृहस्थ १८६२ च्या ऑगस्टमध्यें पासष्टी ओलांडून गेलेले होते. उंची पांच फूट पांच इंच, वजन २०२ पौंड. बुटाची नाडी बांधण्यासाठीं त्यांना वांकतां येत नसे. जिना उतरतांना गुडघ्यांवर आणि घोट्यांवर भार पडूं नये, म्हणून ते पाठमोरे होऊन, एकेक पायरी सावकाश उतरत. रस्त्यांतून किंवा सार्वजनिक गाडींतून जातांना लोकांचे टोमणे ऐकावे लागत, म्हणून सभासमारंभांस जाणेंहि त्यांनीं शक्य तों टाळलें होतें.

आतां येथें एका समजुतीचा विचार केला पाहिजे. स्थूल माणूस म्हणजे आळशी आणि जिभेचा गुलाम, असें समाज सर्रास मानतो. बँटिंग यांच्या आईबापांच्या दोन्ही कुळांत कोणी जाडें नव्हतें, आणि त्यांना स्वतःला तर ह्या रोगाची धास्ती लहानपणापासूनच होती. एका शस्त्रवैद्यानें व्यायाम सांगितला, तेव्हां त्यांनीं एक भक्कम नाव घेतली, आणि रोज पहांटे दोन-दोन तास ते ती नदींत वल्हवूं लागले. स्नायू बळकट झाले, पण भूक इतकी वाढली कीं वजन कमी होण्याऐवजीं चढलें. पुढें समुद्रस्नान झालें, घोड्यावरची रपेट झाली, लेमिंग्टन, चेल्टनम आणि हॅरोगेट येथील औषधी झऱ्यांचें पाणी पिऊन झालें. वाफेचीं तुर्की स्नानें पन्नासपर्यंत झालीं, आणि त्यांत फार तर सहा पौंड उतरले. जो मनुष्य म्हातारपणाच्या उंबरठ्यावर इतका खटाटोप करतो, त्याला आळशी कोण म्हणेल? त्यांची तळमळ वीस-तीस वर्षें जिवंत होती. ती योग्य ठिकाणीं लागत नव्हती, एवढेंच.

योग आला तो कानाच्या निमित्तानें. त्यांना ऐकूं कमी येऊं लागलें. नेहमींचे कर्णवैद्य सुटीवर गेलेले होते, म्हणून ते विल्यम हार्वे नांवाच्या दुसऱ्या कर्णवैद्याकडे गेले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारे हार्वे ते निराळे, ते दोनशें वर्षांपूर्वींचे.) ह्या हार्वेनीं १८५६ मध्यें पॅरिसला क्लोद बर्नार यांचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. यकृत हें स्वतः साखर तयार करतें, हा बर्नार यांचा शोध त्यांच्या मनांत घोळत होता. कानाचें दुखणें मेदामुळें आहे असें ठरवून त्यांनीं बँटिंग यांना सहा पदार्थ वर्ज्य करावयास सांगितलें: पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे. जेवणाच्या वेळा चार ठरल्या. सकाळीं नऊ, दुपारीं दोन, सायंकाळीं सहा आणि रात्रीं नऊ. मांस, मासे, भाज्या, थोडीं फळें, औंसभर भाजलेला कोरडा पाव, साखर-दुधाविना चहा, आणि मद्याचे कांहीं पेले. ह्या शेवटच्या बाबीला आजचें वैद्यक संमति देणार नाहीं, आणि तें ताट कोणी जसेंच्या तसें आपल्या घरीं वाढूं नये हेंच बरें.

त्या ताटापेक्षां त्यामागची रचना अधिक पाहण्यासारखी आहे. वर्ज्य पदार्थ बोटांवर मोजण्याइतके थोडे आणि लक्षांत ठेवण्यास सोपे होते. पोट रिकामें राहत नव्हतें. उलट, आपण पूर्वीं कधींहि इतकें चांगलें जेवलों नव्हतों, असें बँटिंग सांगत. आज खावें कीं न खावें हा वाद मनाशीं दररोज घालण्याचें कारणच उरलें नव्हतें, कारण वेळा आणि पदार्थ एकदांच ठरून गेले होते. तिसरी गोष्ट कांट्याची. साधारणपणें दर तीन आठवड्यांनीं ते वजन करून टिपून ठेवीत. पहिल्या बारा दिवसांत दोन पौंड उतरले. नाताळच्या आदल्या दिवशीं कांटा १८४ वर होता. १८६३ च्या सप्टेंबरच्या बाराव्या तारखेला तो १५६ वर आला. एकूण शेचाळीस पौंड गेले, आणि कंबरेचा घेर सव्वाबारा इंचांनीं घटला. चोपन्न आठवड्यांत शेचाळीस पौंड, म्हणजे आठवड्याला एक पौंडहि नव्हे! अधीर माणसाला ह्या गतीचा कंटाळा येईल. पण त्या तक्त्यांत वजन वाढल्याची एकहि नोंद नाहीं. जिना ते आतां सरळ तोंडानें उतरूं लागले, आणि बुटाची नाडी स्वतः बांधूं लागले.

हा अनुभव त्यांनीं १८६३ मध्यें लोकांना उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपानें छापला. पहिल्या प्रती त्यांनीं फुकट वाटल्या. पुढें पुस्तिका विकली जाऊं लागली, तेव्हां नफा धर्मादाय कामांना दिला. डॉक्टरांना हें रुचलें नाहीं. प्रेतयात्रेचा धंदा करणाऱ्यानें वैद्यकांत लुडबुड करावी, हें 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाला खपलें नाहीं. 'ब्लॅकवुड्स' मासिकानें १८६४ मध्यें त्यांची थट्टा केली. सामान्य लोकांनीं मात्र ती पुस्तिका उचलून धरली.

वजन उतरल्यावर काय होतें, ह्याची साक्ष बँटिंग यांच्याहून सव्वाशें वर्षें आधींचे स्कॉटिश डॉक्टर जॉर्ज चेनी देतात. अठराव्या शतकाच्या आरंभीं ते लंडनला आले. तेथें धंदा जमविण्यासाठीं त्यांनीं पानगृहांतील खुशालचेंडूंची संगत धरली. रोजच्या खाण्यापिण्यानें शरीर फुगलें आणि प्रकृति ढासळली. ती ढासळतांच मित्रमंडळी पांगली. क्रॉयडन येथील टेलर नांवाच्या वैद्यानें केवळ दुधावर राहून आपली अपस्मारव्यथा घालविली आहे, असें त्यांच्या कानीं आलें. ते ऐन हिवाळ्यांत तिकडे गेले. पाहतात तों टेलर गाईच्या दुधाचें भलें मोठें भांडें घेऊन जेवावयास बसलेले! चेनी यांनीं दूध आणि शाकभाजी धरली, आणि ते हलके झाले. पुढें बरें वाटूं लागल्यावर नियम सैल झाले; मांस आणि मद्य परत आलें. कांहीं वर्षांत वजन बत्तीस स्टोनच्या, म्हणजे ४४८ पौंडांच्या वर गेलें. शंभर पावलें चालावयाचीं झालीं, तरी बसण्यासाठीं स्टूल घेऊन एक नोकर मागून यावा लागे. तेव्हां त्यांनीं दुसऱ्यांदां दुधाची वाट धरली, आणि ती १७४३ मध्यें मरेपर्यंत सोडली नाहीं. हा सारा वृत्तांत त्यांनीं १७३३ च्या आपल्या 'इंग्लिश मॅलडी' ह्या ग्रंथांत लाज न धरतां लिहून ठेवला आहे. पहिल्या वेळीं पथ्य हा त्यांच्या लेखीं उपचार होता, आणि उपचार रोग गेला कीं थांबतो. दुसऱ्या वेळीं तें त्यांचें रोजचें जेवण झालें.

आपल्याकडील चरकसंहितेंत ह्या दोन्ही अंगांचा विचार आहे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूलाचे आठ दोष सांगून, जड पण पोषणानें हलकें अन्न द्यावें, आणि व्यायाम व जागरण हीं क्रमाक्रमानें वाढवावीं, असें म्हटलें आहे. त्याआधींच्या सातव्या अध्यायांत, अंगवळणी पडलेली अपायकारक संवय एकदम न तोडतां चतुर्थांशाच्या मापानें सोडावी, आणि हितकर संवय त्याच मापानें धरावी, असें सांगितलें आहे. असे क्रमानें गेलेले दोष परत येत नाहींत, हें चरकाचें मत आहे.

शरीर स्वतःच गमावलेल्या वजनाच्या मागें लागतें, हें आतां प्रयोगानें दिसलें आहे. २०११ मध्यें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नच्या संशोधकांनीं, अगदीं अल्प आहारानें वजन उतरविलेल्या लोकांची तपासणी केली. वर्ष उलटून गेल्यावरहि भूक चेतविणारीं द्रव्यें त्यांच्या रक्तांत पूर्वींपेक्षां वाढलेलीं होतीं. म्हणजे बायरनची मध्यरात्रीची भूक हा त्याच्या स्वभावाचाच दोष नव्हता. दुसरी नोंद अमेरिकेची. रीना विंग आणि जेम्स हिल यांनीं १९९४ मध्यें एक नोंदवही उघडली. निदान तीस पौंड उतरवून तें वजन वर्षभर तरी खालीं ठेवणाऱ्यांनाच तिच्यांत नांव घालतां येई. पुढें त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. त्यांचीं पथ्यें नाना प्रकारचीं होतीं. पण बहुतेक जण सकाळची न्याहारी चुकवीत नसत, आठवड्यांतून एकदां तरी कांट्यावर उभे राहत, आणि दिवसाकांठीं तासभर चालणें किंवा तसलाच व्यायाम करीत.

कांट्याची संवय बँटिंग यांनींहि सोडली नाहीं. प्रयोग म्हणून त्यांनीं साखर पुन्हां चाखून पाहिली. आठवडाभरांत मिळून पांच औंस साखर खाल्ली, तर वजन जवळजवळ एक पौंड वाढतें, असें त्यांना वारंवार आढळलें. पुस्तिकेच्या १८६९ च्या चौथ्या आवृत्तींत त्यांनीं हें छापलें. १८७८ मध्यें, एक्याऐंशी वर्षांचे होऊन, ते लंडनमध्यें वारले. त्यांच्या नांवावरून इंग्रजींत 'बँट करणें' असें क्रियापद निघालें. इंग्रजींत तें आतां मागें पडलें आहे, पण स्वीडनमध्यें वजन उतरविण्यासाठीं पथ्य करण्याला लोक आजहि 'बँटा' म्हणतात.