पीस्टोअरमधील डेडलॉक

पीस्टोअर ही लिनक्स कर्नेलमधील क्रॅशनोंदी जपणारी यंत्रणा होय. संगणक कोसळताना कर्नेलचे अखेरचे संदेश ती यंत्र पुन्हा सुरू झाले तरी टिकणाऱ्या स्मृतीत लिहून ठेवते. पुष्कळदा बिघाडाचा तेवढाच पुरावा मागे उरतो. २०११ साली २.६.३९ या आवृत्तीत तिचा समावेश झाला.

एका वेळी एकानेच लिहावे, यासाठी लेखनापूर्वी प्रोसेसरला लॉक, म्हणजे कुलूप, मिळवावे लागते. कर्नेल कोसळताना एक प्रोसेसर इतरांना जागच्या जागी थांबवतो. थांबलेल्यांपैकी एखाद्याकडे कुलूप असल्यास ते सुटतच नाही. नोंद लिहू पाहणारा प्रोसेसर वाट पाहत राहतो आणि यंत्र गोठते. चाळीसगाव–धुळे या एकेरी लोहमार्गावर वाटेत गाडी बंद पडली, तर धुळ्याची गाडी फलाटावर खोळंबेल, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे अडलेली गाडी हटवणारा कोणी उरलेला नसतो.

२०१३ मधील दुरुस्तीनुसार अशा प्रसंगी कुलपासाठी एकदाच प्रयत्न केला जातो. ते न मिळाल्यास नोंद सोडून दिली जाते. पुरावा जातो, पण यंत्र पुन्हा सुरू होऊ शकते. दूरच्या, मानवरहित सर्व्हरसाठी ही तडजोड रास्तच म्हणावी लागते. कर्नेलच्या संदेशसाठ्याला ५.१० आवृत्तीत (२०२०) कुलपाविना चालणारी रचना मिळाली. पीस्टोअरचे स्वतःचे कुलूप मात्र त्यानंतरही राहिले.