संसार न हलवता डागडुजी

संगणक सुरू होईनासा झाला की ‘फॉरमॅट करून टाका’ हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. म्हणजे हार्ड डिस्क पुसायची आणि कार्यप्रणाली नव्याने भरायची. संगणक चालू होतो खरा. पण प्रश्नपत्रिका, गुणपत्रके, मराठी फाँट, प्रिंटरची जुळणी असा सगळा मांडलेला संसार जातो. कार्यप्रणाली तेवढीच दुरुस्त करता येणार नाही का? याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळत गेले.

डॉस ही कार्यप्रणाली १९८१ मध्ये आली. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती हार्ड डिस्क वापरू लागली. तिच्या मुख्य फाइली मोजक्याच होत्या. चांगल्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करून ‘सिस’ ही आज्ञा दिली की त्या पुन्हा लिहिल्या जात. प्रोग्राम आपापल्या डिरेक्टरीत सुखरूप राहत.

विंडोजमध्ये गुंता वाढला. अनेक प्रोग्राम एकाच सामाईक फाइलीवर विसंबू लागले. एखाद्या नव्या प्रोग्रामने तिच्या जागी जुनी आवृत्ती ठेवली की दुसराच प्रोग्राम बंद पडे. शिवाय विंडोज ९५ मध्ये (१९९५) बहुतेक जुळण्यांची नोंद रजिस्ट्री नावाच्या एकाच भांडारात होऊ लागली. शाळेचे जनरल रजिस्टर आठवा. मुले वर्गात बसलेली आहेत, पण रजिस्टर हरवले, तर दाखला कोणाला आणि कशाच्या आधारे देणार? रजिस्ट्री बिघडली की प्रोग्राम डिस्कवर असूनही असेच परके होत.

मग उपाय काय? रजिस्टरची नक्कल. विंडोज ९५ प्रत्येक यशस्वी सुरुवातीनंतर रजिस्ट्रीची एक प्रत ठेवी. विंडोज ९८ पाच प्रती राखू लागली. विंडोज २००० ने महत्त्वाच्या फाइलींच्या राखीव प्रती बाळगल्या व बदललेली फाइल आपणहून पूर्ववत करण्याची सोय केली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये मूळ सीडीवरून दुरुस्तीही करता येई: प्रणालीच्या फाइली नव्याने लिहिल्या जात, रजिस्ट्री मात्र तीच राहत असल्याने प्रोग्राम आणि जुळण्या टिकत.

पण यात एक मेख होती. सीडी जुनी असेल, तर नंतर बसवलेल्या सुरक्षा-दुरुस्त्या पुसल्या जात. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ हा उपद्रवी प्रोग्राम पसरला, तेव्हा अशा ‘दुरुस्त’ संगणकाला इंटरनेटला जोडताच लागण होण्याचा धोका होता. म्हणून डागडुजीनंतर त्या दुरुस्त्या पुन्हा बसवणे भाग असे.

विंडोज ८ ने (२०१२) ‘रिफ्रेश’ची सोय दिली. तीत आपल्या फाइली राहत. पण स्वतः सीडीवरून बसवलेले प्रोग्राम जात आणि त्यांची यादी तेवढी मागे उरे. विंडोज १० व ११ मध्ये मात्र चालू विंडोजमधून तिचाच सेटअप चालवून फाइली आणि प्रोग्राम दोन्ही राखता येतात. त्यासाठी विंडोज निदान सुरू झाली पाहिजे.

या साऱ्यामागचे तत्त्व साधे आहे. प्रणाली, प्रोग्राम, जुळण्या आणि आपले काम या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या जितक्या वेगळ्या ठेवल्या, तितकी एकीची दुरुस्ती दुसरीला इजा न करता होते. वर्गात ‘संगणक बिघडला’ असे कोणी म्हटले, तर आधी विचारावे: यांतले नेमके काय बिघडले? डिस्कच निकामी झाली, तर मात्र यांतला एकही उपाय चालत नाही. तेव्हा कामाची एक प्रत संगणकाबाहेर हवीच.