विषाणुभार आणि एचआयव्हीचा लैंगिक संसर्ग

एचआयव्हीबाधित व्यक्ती नियमित औषधे घेत असेल आणि तिच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला असेल, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. या निष्कर्षात महाराष्ट्राचाही वाटा आहे. ‘एचपीटीएन ०५२’ या नऊ देशांतील चाचणीत एकच जोडीदार बाधित असलेली १,७६३ जोडपी होती; पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (नारी) त्यातले एक केंद्र. लवकर सुरू केलेल्या उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये दिसले. युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासांत (२०१६, २०१९) निरोध न वापरणाऱ्या जोडप्यांतही, विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण सिद्ध झाली नाही.

औषध विषाणूची वाढ रोखते, त्यामुळे वीर्य व योनिस्रावातलाही विषाणू ओसरतो. पेशींत दडलेला साठा मात्र उरतो. गोळ्या सुटल्या की काही आठवड्यांत विषाणुभार पुन्हा चढतो. म्हणून खरी परीक्षा रोजच्या एका गोळीची असते, आणि घरच्यांपासून डबी लपवावी लागणाऱ्याला ती अधिक कठीण जाते.

भारतात सरकारी मोफत उपचार १ एप्रिल २००४ पासून मिळू लागले. २०१७ पासून ते प्रत्येक बाधिताला, रोगप्रतिकारक (सीडी४) पेशींची संख्या न पाहता.

मात्र गरमी, परमा यांसारख्या इतर लैंगिक आजारांपासून हे उपचार वाचवत नाहीत. स्तनपानातून बाळाला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका त्यांनी खूप घटतो, पण शून्य होत नाही.