कुराण : पाठ आणि पोथी

वाशीमचें नांव निघालें कीं वाचकांस वाकाटकांचें वत्सगुल्म आठवतें. कारंज्याचें निघालें कीं श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान आणि जैनांचीं ग्रंथभांडारें डोळ्यांपुढें उभीं राहतात. 'ऐने-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याखालीं 'बाशीम' हें एक सरकार म्हणून नोंदलें आहे, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानीं नसतें. मुसलमानी अमलाबरोबर कुराणहि या मुलखांत आलें आणि शतकानुशतकें येथील मशिदींतून त्याचा पाठ होत आला. तो स्वर आम्हीं लहानपणापासून ऐकिला. त्या ग्रंथाचा इतिहास मात्र कधीं विचारिला नाहीं. शेजारधर्मांतील ही उणीव अंशतः तरी भरून निघावी, एवढाच या लेखाचा हेतु.

कारंज्याच्या भांडारांची गोष्ट येथें उपयोगी पडेल. पुष्पदंताचीं अपभ्रंश काव्यें लोकांच्या मुखांतून केव्हांच गेलीं होतीं; पोथ्यांनीं तीं राखिलीं. त्यांपैकीं दोन डॉ. प. ल. वैद्य व प्रो. हिरालाल जैन यांनीं कारंजा जैन ग्रंथमालेंत १९३१ व १९३३ मध्यें छापून प्रसिद्ध केलीं. कुराणाची कथा याच्या उलट आहे. त्या शब्दाचा अर्थच मुळीं 'पठण' असा होतो.

परंपरा सांगते कीं, इ. स. ६३२ मध्यें पैगंबर महंमद निवर्तले तेव्हां सर्व वचनें एका ग्रंथांत बांधलेलीं नव्हतीं. कांहीं चामड्यावर, हाडांवर, खजुरीच्या देठांवर लिहिलेलीं होतीं. बाकीचा भरंवसा स्मरणावर होता. यमामाच्या लढाईंत अनेक पाठक पडले, तेव्हां खलीफा अबूबकर यांनीं झैद इब्न साबित यांजकडून सर्व वचनें एकत्र करविलीं. पुढें ६५० च्या सुमारास खलीफा उस्मान यांनीं एक प्रत प्रमाण ठरवून तिच्या नकला मोठमोठ्या शहरीं धाडल्या व इतर प्रती जाळविल्या. बर्मिंगहॅम येथील कांहीं पानांच्या चामड्याचा काळ कार्बन-परीक्षेनें ५६८ ते ६४५ असा ठरल्याचें २०१५ मध्यें जाहीर झालें. चामड्याच्या वयावरून शाईचें वय निश्चित होत नाहीं हें खरें. तरी लेखनाच्या प्राचीनतेस यानें बळकटी आली.

त्या आरंभींच्या लिपींत नुक्ते तुरळक असत आणि स्वरचिन्हें नसत. ज्यास पाठ येत नाहीं, त्यास पोथी निश्चितपणें वाचतां येत नसे. वेदपठणाची परंपरा ठाऊक असलेल्या घरांस याचें नवल वाटणार नाहीं. दहाव्या शतकांत इब्न मुजाहिद यांनीं सात पाठपद्धति प्रमाण मानिल्या. आजहि रमझानांत तरावीहच्या नमाजांत हाफिज तीसहि पारे मुखानें म्हणतो, आणि तो चुकल्यास मागें उभा असलेला दुसरा हाफिज त्यास सांवरतो.

छपाई आली तेव्हां सुट्या खिळ्यांपेक्षां शिळाछाप लोकांस अधिक मानवला. कारण शिळेवर सुलेखकाच्या हाताचें वळण जसेंच्या तसें उमटत असे. लखनौस १८५८ मध्यें मुन्शी नवलकिशोर या हिंदु गृहस्थांनीं काढिलेल्या छापखान्यांतून कुराणाच्या प्रती बाहेर पडल्या, हें मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

याप्रमाणें शब्द राखिला गेला. पण अर्थाचें काय? अठराव्या शतकांत दिल्लीच्या शाह वलीउल्ला यांनीं फारसी भाषांतर केलें आणि त्यांच्या दोघां पुत्रांनीं उर्दु भाषांतरें केलीं. आमच्याच विदर्भांतील पवनारास आश्रम करून राहिलेल्या विनोबांनीं मूळ अरबीचा अभ्यास करून निवडक वचनांचें सार सिद्ध केलें. तें १९६२ मध्यें प्रसिद्ध झालें. भाषांतर म्हणजे कुराण नव्हे, असें मुसलमान पंडित म्हणतात, व पाठाचें महत्त्व पाहतां तें यथार्थच आहे. तथापि शेजाऱ्यास ग्रंथाची ओळख व्हावयाची तर दुसरी वाट कोणती? गुरुचरित्राचें पारायण नियमानें करणाऱ्या आमच्या घरांस न उमगलेल्या शब्दांविषयींहि आदर कसा असतो, हें ठाऊक आहे. त्याच आदरानें आम्हीं आतां शेजाऱ्याच्या ग्रंथाचा अर्थहि विचारावा. इतक्या शतकांच्या सहवासानंतर हा प्रश्न कोणी अवेळीं विचारलेला म्हणणार नाहीं.