इंग्रजांच्या बोट कंपनीने भाडं पाडलं, तरी सोलापूरचे वालचंद शेठ पुरून उरले

सांगलीचं वालचंद कॉलेज आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आपल्याला माहिती असतं. पण ज्यांच्या नावाने हे ओळखलं जातं, त्या वालचंद हिराचंद यांनी आयुष्यातली मोठी लढाई समुद्रावर लढली.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. रेल्वेची कंत्राटं घेऊन त्यांनी जम बसवला. १९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांसोबत ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची 'लॉयल्टी' ही बोट विकत घेतली. त्यावरूनच कंपनीचं नाव पडलं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. आज हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पण बोट घेतली म्हणजे धंदा सुरू झाला, असं नव्हतं.

किनाऱ्यावर तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीचा दबदबा होता. नवी कंपनी आली की मोठी कंपनी त्या मार्गावरचं भाडं पाडायची. तिथला तोटा दुसऱ्या मार्गांवर भरून निघायचा. नव्या कंपनीकडे दुसरे मार्गच नसायचे.

दुसरं हत्यार होतं सवलतीचं. व्यापाऱ्याने ठरावीक काळ आपल्याच बोटींतून माल पाठवला, तर भाड्यातला काही भाग नंतर परत मिळायचा. मध्येच दुसऱ्याच्या बोटीत माल चढवला, की साठलेली सवलत बुडाली. त्यामुळे मनात असूनही व्यापारी स्वदेशी बोटीकडे फिरकायला कचरायचे.

तामिळनाडूत चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये काढलेली स्वदेशी बोट कंपनी अशाच दबावाखाली काही वर्षांत बुडाली होती.

सिंदियाचंही तेच झालं असतं. पण १९२३ मध्ये तिने ब्रिटिश कंपनीशी दहा वर्षांचा करार केला. भाडेयुद्ध थांबलं, पण कंपनीच्या वाढीवर मर्यादा आल्या. कंपनी जगली, हाच तेव्हाचा फायदा.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेले आणि वालचंद अध्यक्ष झाले. १९५० पर्यंत ते त्या पदावर होते. किनारी वाहतूक भारतीय बोटींसाठी राखीव ठेवा, ही कंपनीची मागणी होती. पुढे कोकणात प्रवासी बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनही सिंदियाच्या ताब्यात आली. रस्ते धड नव्हते आणि रेल्वे तर नव्हतीच, अशा काळात रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या माणसाला मुंबई गाठायला बोटीचाच आधार होता.

पण बोटी बांधायच्या कुठे? २१ जून १९४१ ला राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टणमला सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तिथे बांधलेलं 'जलउषा' १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

८ एप्रिल १९५३ ला वालचंद गेले. तोवर किनारी वाहतूक भारतीय बोटींसाठी राखण्याचं धोरण स्वतंत्र भारताच्या सरकारने स्वीकारलं होतं.