रुग्णसमाधान आणि विश्वास, आरोग्यसेवेतील

मिळालेली वैद्यकीय सेवा अपेक्षेला उतरली की नाही, याविषयी रुग्णाने मागाहून दिलेला कौल म्हणजे रुग्णसमाधान. डॉक्टर, परिचारिका, रुग्णालय किंवा एकूण आरोग्यव्यवस्था आपल्या हिताला जपूनच वागेल, ही रुग्णाची धारणा म्हणजे विश्वास. समाधान घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असते, तर विश्वास अजून घडायच्या गोष्टीबद्दल असतो. शस्त्रक्रियेसाठी भूल घेणाऱ्या माणसापाशी त्या क्षणी काहीही पडताळून पाहण्याचे साधन नसते. आजारपणातील या अगतिकतेमुळेच इतर सेवांच्या मानाने वैद्यकीय सेवेत विश्वासाला जास्त महत्त्व येते.

दोन्ही सहसा जोडीने आढळतात, पण ती एकच नव्हेत. ‘डॉक्टर तुसडे आहेत, पण हाताला गुण आहे’ असे म्हणत वर्षानुवर्षे त्याच दवाखान्यात जाणारी कुटुंबे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. तेथे तास-दोन तास ताटकळण्याबद्दल तक्रार असते, तरी विश्वास अभंग असतो. उलट वातानुकूलित खोली, गोड बोलणे आणि तत्पर सेवा यांनी संतुष्ट झालेला रुग्णही सांगितलेली अँजिओप्लास्टी खरोखर लागते का, हे विचारायला दुसऱ्या डॉक्टरकडे फाइल घेऊन जातो.

या विषयाच्या अभ्यासाला शास्त्रीय चौकट मिळाली ती मुख्यतः अमेरिकेत. आव्हेदिस डोनाबेदियन यांनी 1966 साली सेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि फलित या तीन अंगांनी तपासण्याची पद्धत मांडली. रुग्णाचे समाधान हाही दर्जाचा एक निकष आहे, असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टरवरील विश्वास मोजणारी अकरा विधानांची प्रश्नावली 1990 मध्ये तयार झाली. मार्क हॉल आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये विश्वासाचे घटक वेगळे करून दाखवले : रुग्णहिताशी निष्ठा, कौशल्य, प्रामाणिकपणा, गोपनीयता आणि या सर्वांपलीकडचा एकंदर भरवसा. यांपैकी कौशल्य पारखणे सामान्य रुग्णाला जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे डॉक्टरने म्हणणे पुरते ऐकून घेतले का, नीट तपासले का, बिल समजावून सांगितले का, अशा दिसणाऱ्या गोष्टींवरून तो न दिसणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधतो. समाधानातून विश्वास वाढतो तो याच वाटेने.

बाझल विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये 47 अभ्यास एकत्र तपासले. विश्वास आणि समाधान यांचा संबंध त्यांत भक्कम आढळला. विश्वास असलेल्या रुग्णांनी लक्षणे कमी आणि जीवनमान अधिक चांगले असल्याचे सांगितले. आरोग्याला हितकर सवयीही त्यांच्यात जास्त होत्या. प्रयोगशाळेत किंवा उपकरणाने मोजता येणाऱ्या फलितांशी मात्र विश्वासाचा लक्षणीय संबंध दिसला नाही.

समाधानाचे आकडे हाती आले की ते वापरण्याचा मोह होतो. अमेरिकेत ‘एच-कॅप्स’ या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे रुग्णालयनिहाय निकाल 2008 पासून जाहीर होऊ लागले आणि पुढे रुग्णालयांना मिळणाऱ्या सरकारी पैशांचा काही भाग त्यांच्याशी जोडला गेला. जोशुआ फेंटन आणि सहकाऱ्यांचा 2012 मधील अभ्यास येथे महत्त्वाचा आहे. पन्नास हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीत सर्वाधिक समाधानी गटाचा आरोग्यखर्च अधिक होता, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अधिक होते आणि मृत्यूचा धोका 26 टक्क्यांनी जास्त होता. समाधानामुळे मृत्यू ओढवतो, असा याचा अर्थ नाही; या प्रकारच्या पाहणीतून कारण सिद्ध होत नसते. तरीही मागेल ते प्रतिजैविक, मागेल तो स्कॅन देऊन गुण मिळवता येतात, ही शंका त्यामुळे बळावली. विषाणूमुळे आलेल्या सर्दीला प्रतिजैविक नको, असे सांगणारा डॉक्टर त्या दिवशी रुग्णाला नाराज करू शकतो. त्याचे म्हणणे रुग्णाने मानावे, यासाठी विश्वास आधीच असावा लागतो.

भारतात केंद्र सरकारने 2016 मध्ये ‘मेरा अस्पताल’ ही अभिप्राय यंत्रणा सुरू केली. रुग्णालयातून गेल्यावर फोन किंवा संदेशाद्वारे रुग्णाचे मत विचारले जाते. स्वच्छता, खर्च, कर्मचाऱ्यांची वागणूक यांबाबतची नाराजी तिच्यातून कळते. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांना दिले जाणारे कमिशन, म्हणजेच ‘कट प्रॅक्टिस’, अशा प्रश्नावलीत सापडणे कठीण. ती रुग्णाच्या नकळत चालते. विश्वासावर सर्वांत खोल घाव तिचाच बसतो. महाराष्ट्रात तिच्याविरुद्ध 2017 मध्ये कायद्याचा मसुदा तयार झाला. त्याआधी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली होती. डॉक्टर व रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने 2010 मध्ये स्वतंत्र कायदा केला. दाद मागण्याचा हक्क आणि संरक्षण दोन्ही आवश्यकच आहेत. पण रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही एकमेकांपासून कायद्याचा आडोसा घ्यावा लागणे, हे विश्वास ओसरल्याचे लक्षण आहे.

विश्वास समाधानावाचूनही उभा राहू शकतो, हे प्लेगच्या साथीत दिसले. मुंबईत 29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडवरील साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. सक्तीने उचलून नेणे, नातेवाइकांपासून तोडणे, आत नेलेल्यांच्या अंगातून तेल काढतात अशा अफवा, यांनी लोक हादरले होते. पुण्यात घरझडत्यांनी हाच संताप शिगेला पोहोचला. त्याच शहरात टिळकांच्या प्रयत्नांतून हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात रोगी आणून त्यांची शुश्रूषा केली आणि त्याच संसर्गाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचा मृत्यू झाला. प्लेगवर हमखास गुण देणारे औषध तेव्हा कोणापाशीच नव्हते. तरी आपली माणसे चालवतात त्या ठिकाणी लोक गेले.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली, तेव्हा आदिवासी रुग्णालयात यायला का बिचकतात, हे त्यांनी लोकांनाच विचारले. भव्य इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना आत राहू देत नाहीत, आणि पांढरे कापड तर आम्ही मृताला गुंडाळतो, मग जीव वाचवणारे तसे कपडे का घालतात, अशी उत्तरे मिळाली. संस्थेच्या ‘शोधग्राम’ या परिसरातील रुग्णालय मग झोपड्यांच्या धर्तीवर, नातेवाइकांना सोबत राहता येईल असे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. पुढे गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया आरोग्यदूत म्हणून बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. आजारी बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शनही त्याच देत. काही दिवसांच्या लेकराला सुई टोचू देणे हे घरच्यांच्या दृष्टीने फार मोठे धाडस होते. ‘लॅन्सेट’मध्ये 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. या पद्धतीच्या आधारे 2011 पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या जन्मानंतरच्या पहिल्या 42 दिवसांत बाळाला घरी जाऊन तपासतात.