सेकंड हँड पोर्शे ९११ स्वस्त का मिळते? आयएमएस बेअरिंगचा धोका समजून घ्या

१९९७ साली आलेल्या ९९६ पिढीतली पोर्शे ९११ अमेरिका-युरोपच्या बाजारात इतर ९११पेक्षा स्वस्त मिळते. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे इंजिनातलं आयएमएस बेअरिंग.

धोका काय?
प्रत्येक गाडीत हे बेअरिंग तुटत नाही. पण तुटलं, तर टायमिंग बिघडून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं इंजिन निकामी होऊ शकतं. टर्बो आणि जीटी३ मॉडेलमध्ये वेगळं इंजिन असल्यानं हा धोका नाही.

घेण्यापूर्वी
बेअरिंग बदलल्याचं बिल मागा. ऑइल फिल्टर कापून धातूचे कण तपासून घ्या. बिल नसेल, तर तो खर्च धरूनच भाव करा.

घेतल्यावर
ऑइल लवकर बदलत राहा. बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्यामुळे क्लच बदलतानाच हे काम उरकलं, तर दुहेरी मजुरी वाचते.